आबांचा बायलर

आबा गेले त्याला आता वर्ष होत आलं. तेराव्याला जो आला तो मला सांगून गेला की आबा म्हणजे देवमाणूस. लय गोड, लय शांत, कधी कुणाला दुखावलं नाही. मी वाढपाची पातेली घेऊन आत-बाहेर करत होते आणि ऐकून ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात जात होती. ज्या माणसाने मला लग्नानंतर चौथ्याच दिवशी रडवलं, माझ्या वडिलांना दारात ताटकळत ठेवलं, पोटच्या पोराची एक नोकरी घालवली आणि दुसरीही घालवायला निघाला, त्याला गोड म्हणायचं? गोड तर त्यांची कॉफीसुद्धा नसायची. कुणी साखरेचा डबा पुढे केला की ते त्या माणसाकडे असे बघायचे, की तो मुकाट्याने डबा परत फळीवर ठेवायचा.

माणूस गेला की त्याला धुऊन-पुसून फोटोत बसवायची आपल्याकडे फार घाई असते. मला नाही. मी त्यांची सून. सात वर्षं त्यांच्याबरोबर एकाच ओट्यापाशी उभी राहिले आहे. मला ते होते तसेच आठवायचेत, आणि आठवले की राग येतो, त्याला माझा इलाज नाही.

आमचं घर लोणावळ्याजवळ वलवणला. आबा जवळच्याच एका कारखान्यात बॉयलरवर होते. त्याची सरकारी परीक्षा असते, ती पास झाल्याचं सर्टिफिकेट मिळतं. आबांचं सर्टिफिकेट फ्रेम करून देवघराच्या शेजारी लावलेलं होतं. देवाला एखाद्या दिवशी फूल चुकायचं, पण त्या काचेवरची धूळ पुसायची कधी चुकली नाही. सासूबाई मी येण्याआधीच गेल्या होत्या. घरात आबा, माझा नवरा आणि मी, एवढीच माणसं. आणि ओट्यावर ते भांडं.

आठ बाजूंचं, ॲल्युमिनियमचं, कमरेत बारीक. खालचा आणि वरचा तुकडा एकमेकांत पिळून बसवायचे. खाली पाणी, मधल्या गाळणीत कॉफी. पाणी तापलं की वाफेच्या दाबाने कॉफीतून वर चढतं आणि वरच्या भांड्यात काळी कॉफी जमते. त्याला मोका पॉट म्हणतात हे मला पुष्कळ उशिरा, मळवलीच्या एका बंगल्यात कळलं. आमच्या घरात त्याला बायलर म्हणत.

ते आलं कुठून, तर कारखान्यात मशीन बसवायला इटलीहून एक फिटर साहेब आला होता. त्याला दिवसातून तीनदा कॉफी लागायची आणि ती तो बॉयलर हाऊसच्या कोपऱ्यात शेगडीवर करायचा. आबांनी पहिल्या दिवशी ते भांडं हातात घेतलं, उलटंपालटं केलं, बाजूला असलेल्या पितळेच्या बारक्या वॉल्व्हवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "आरं, ह्यो तर बायलर हाय. शेफ्टीसकट." त्या साहेबाला मराठी कळत नव्हतं, आबांना इटालियन. पण तो ‘शेफ्टी’ शब्द त्याला बरोबर समजला असणार, कारण जाताना तो ते भांडं आबांना देऊन गेला. ही हकिगत आबांनी मला एवढ्या वेळा सांगितली की त्या साहेबाचा मला कंटाळा आला होता.

आता चौथ्या दिवसाचं सांगते. मी शिरगावची. आमच्याकडे दर गुरुवारी साईबाबांच्या देवळात ही गर्दी लोटते, वडिलांचं तिथेच हार-नारळाचं दुकान. दुकान काय, घर काय, भांडी लखलखीत हवीत असं वळण. मी ओट्यावरचं ते काळपट भांडं पाहिलं आणि मनात म्हटलं, बाईमाणूस नसलं की घराची ही दशा होते. तारेची घासणी घेतली, साबण घेतला, आणि आतून-बाहेरून असं घासलं की त्यात तोंड दिसावं. शाबासकीची वाट बघत बसले.

आबा पहिली पाळी करून आले. भांडं उचललं. आत नाक घातलं.

"कुणी केलं ह्ये?"

"मी, आबा. लय काळं झालं होतं."

"पंधरा वर्सांचा थर व्हता त्यो. आता काय, साबणाची कॉफी पाजतीस व्हय?"

मग त्यांनी त्या भांड्यात कॉफी केली आणि मोरीत ओतली. पुन्हा केली, पुन्हा ओतली. तिसऱ्यांदा तेच. प्रत्येक वेळी सगळं सावकाश, जरासुद्धा घाई नाही. मी दाराशी उभी. अंगावरची हळद गेली नव्हती. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते ओतत राहिले आणि मी रडत राहिले. चौथ्यांदा केलेली कॉफी त्यांनी दोन कपांत ओतली आणि एक माझ्यापुढे सरकवला. एवढीच काय ती माफी. ती त्यांनी मागितली की मला दिली, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

त्यानंतर माझी शाळा सुरू झाली. मला शिकायचं नव्हतं, पण आबांना शिकवायचं होतं, आणि आमच्या घरात आबांना जे करायचं असे तेच होई. कॉफीच्या बिया ते पुण्याच्या एका दुकानातून आणायचे आणि ओसरीवर बसून हाताच्या यंत्राने दळायचे. येणारे-जाणारे विचारायचे, "आबा, भरडा काढताय व्हय?" आबा उत्तर द्यायचे नाहीत. मला मात्र चिमूट हातात देऊन विचारायचे, "काय हाय?" मी म्हणायची, पीठ. "पीठ न्हाई. रवा. बारीक रवा पायजे. पीठ झालं की पाणी वर चढत न्हाई, चोंदतं."

पाणी आधीच गरम करून घालायचं, कारण थंड घातलं तर ते तापेपर्यंत वरची कॉफी करपते. पाणी शेफ्टीच्या खाली एक बोट. एकदा माझ्या हातून जास्त झालं तर म्हणाले, "बुडली ना ती. आता ती शेफ्टी न्हाई, नुस्ती पितळंची पुळी." कॉफी गाळणीत भरायची ती सपाट, पण दाबायची नाही. मी चमच्याने थापली तर चमचा हातातून काढून घेतला. "भुई सारवतीस का? पाण्याला वाट ठिव." गॅस बारीक. ज्योत बुडाच्या बाहेर दिसली की खाकरायचे. झाकण उघडं ठेवायचं आणि बघत राहायचं. पहिली धार काळी येते, मग तांबूस, मग पिवळी पडायला लागते. पिवळी पडली की लगेच गॅस बंद आणि बुडाला ओलं फडकं. भांडं खुळखुळायला लागलं म्हणजे उशीर झाला, मग ती कॉफी आबा प्यायचे नाहीत आणि आपल्यालाही पिऊ द्यायचे नाहीत.

भांडं गॅसवर असताना तिथून हलायचं नाही, हा सगळ्यात मोठा नियम. फोन वाजो, दूध येवो, दारात कुणी येवो. आबा पाठीमागे हात बांधून उभे राहायचे, कारखान्यात दाब दाखवणाऱ्या काट्याच्या घड्याळापुढे उभे राहत असतील तसे. आणि बोलायचं नाही. "पाणी आवाज करतं. आवाज करतंय तंवर घोर न्हाई." एकदा मी वैतागून म्हटलं, आबा, एवढंसं भांडं, दोन कप पाणी. तर म्हणाले, "दाब हाय. दाबाला ल्हान-मोठं कळत न्हाई."

हे सगळं ऐकायला गमतीचं आहे. तेराव्याला लोक हेच सांगून हसत होते. पण या माणसाच्या हट्टाची किंमत कुणी मोजली ते त्यांना काय माहीत.

माझं लग्न ठरलं तेव्हा माझा नवरा आबांच्याच कारखान्यात कंत्राटावर होता. बाप निवृत्त होताना पोराला कायम करून घ्यायचं, ही तिथली जुनी रीत. बैठकीत माझ्या वडिलांनी सरळ विचारलं होतं, पोरगं कायम होणार ना? आबा म्हणाले होते, "घेत्यात. रीत हाय." त्या तीन शब्दांवर माझं लग्न झालं. मी तळेगावला बी.कॉम. केलेलं, मला दोन स्थळं सांगून आली होती, आणि वडिलांनी हे निवडलं ते त्या तीन शब्दांपायी.

लग्नाला आठ महिने झाले आणि कारखान्यात ते घडलं. माझा नवरा तिथेच होता, त्याच्याकडूनच मला कळलं. बॉयलरचा सेफ्टी वॉल्व्ह लवकर उडायला लागला होता. दाब पुरता चढायच्या आतच वाफ बाहेर, म्हणजे कामाचा खोळंबा. माल पाठवायची घाई होती. वरच्या साहेबाने फिटरला सांगून तो वॉल्व्ह आवळून टाकला आणि आबांना म्हणाला, तपासला, ठीक आहे, असं रजिस्टरात लिहा आणि सही करा.

आबा म्हणाले, "मी तपासला न्हाई."

"लिहायला काय जातंय?"

"तपासला न्हाई तर लिव्हणार न्हाई." आणि त्यांनी बॉयलरची आग बंद केली. कारखाना दीड दिवस थांबला.

त्यांना काढून टाकलं नाही. कारखान्याच्या बागेत पाणी घालायला लावलं. निवृत्त होईपर्यंत सर्टिफिकेटवाला माणूस रबरी नळी घेऊन गुलाबांना पाणी घालत होता. बॉयलरवर दुसरा आणला, त्याने सही केली. माझ्या नवऱ्याचं कंत्राट त्याच महिन्यात संपलं आणि पुन्हा झालं नाही. आणि तो बॉयलर? तो तसाच चालला. पुढे तीन वर्षांनी कारखान्याने नवा आणला, तोवर त्याला काही झालं नाही. माझा नवरा आजपर्यंत तेच म्हणतो, "काय झालं? कायबी झालं न्हाई." फुटला असता तर आबा खरे ठरले असते. फुटला नाही म्हणून माझा नवरा बेकार ठरला. चिडू नको तर काय करू?

बातमी शिरगावला पोचली आणि माझे वडील आले. व्याही घरी आला की उठून पुढे जायचं, हात धरून आत आणायचं, ही साधी माणसाची रीत. चार वाजले होते, आबांचं भांडं गॅसवर.

"राम राम, पाव्हणं," वडील दारातून म्हणाले.

आबांनी मान वळवली नाही. "थांबा."

माझे वडील एक चप्पल पायात, एक बाहेर, असे उंबऱ्यावर उभे. मी पुढे झाले, त्यांना बसा म्हटलं, ते बसले नाहीत. व्याह्याने बोलावल्याशिवाय ते कसे बसणार? पाच मिनिटं गेली असतील. गॅस बंद झाला, फडकं गुंडाळलं, कॉफी ओतली, आणि मग आबा कप घेऊन दाराशी आले. "आता बोला."

वडिलांना ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय नाही. "पोराचं काय?"

"बघल त्याचं त्यो."

"आवो, एका सहीचा तर प्रश्न व्हता. लोक काय काय करत्यात पोरांसाठी."

"कॉफी घ्या. गार व्हती."

वडिलांनी कपाला हात लावला नाही. तसेच वळून गेले, आणि मग दोन वर्षं आमच्या घरी आले नाहीत. आबा आत जाऊन सर्टिफिकेटाची काच पुसत बसले. तो कप मी उचलला. ओतून देणार होते. का कोण जाणे, प्यायले. कडू होती, पण जिभेवर टोचणारी नाही. नंतर तोंडात एक भाजक्या दाण्यासारखी चव राहिली. बाप दारातून परत गेला होता आणि मला कॉफी चांगली लागत होती. याचा मला आणखीच संताप आला.

नवऱ्याने त्या दिवसापासून आबांच्या हातची कॉफी सोडली. चहा तो बाहेर टपरीवर प्यायचा. बापलेकांत बोलणं उरलं ते एवढंच, "भाकरी खाल्ली का" आणि "व्हय".

पुढे त्याला मळवलीत एका बंगल्यावर काम लागलं. भातखाचरांच्या कडेला बांधलेला बंगला, मालकीण मॅडम पुण्याच्या. शनिवार-रविवार पाहुण्यांना भाड्याने द्यायचा. नवरा केअरटेकर, झाडलोट, पोहण्याच्या टाकीचं पाणी, पाहुण्यांचं हवं-नको. शनिवार-रविवार मी स्वयंपाकाला जायची. पिठलं-भाकरी, कोंबडीचा रस्सा, सकाळी पोहे. आठ-दहा माणसं येतात, उशिरा उठतात आणि सगळ्यांना एकदम कॉफी हवी असते. मॅडमनी त्यांच्यासाठी ते भांडं आणलं, आमच्या घरातल्यासारखंच पण तिप्पट मोठं. तेव्हा मला त्याचं खरं नाव कळलं.

पाहुणे कुरकुर करायला लागले की कॉफी करपट लागते. मॅडम मला म्हणाल्या, "तुमचे सासरे म्हणे छान करतात? त्यांना एकदा बोलवा ना, दाखवून जातील." मी आबांना विचारलं. दोन महिने त्यांनी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण मी विचारलं, हे खरं आहे.

एका रविवारी सकाळी, न सांगता, ते लोणावळ्याहून गाडीने एक स्टेशन येऊन मळवलीला उतरले आणि चालत बंगल्यावर आले. मी स्वयंपाकघरात पोह्यांसाठी कांदा चिरत होते. शेजारी गॅसवर ते मोठं भांडं. नवरा बाहेर खुर्च्या मांडत होता. आबा मागच्या दाराने आत आले, आणि पहिला शब्द काय, "कवापासून हाय ह्ये?"

"झाली की दहा-पंधरा मिनिटं. आज येईना कॉफी वर."

आबांनी भांड्याकडे कान केला. "गप हाय," म्हणाले. मग वाकून भांड्याची बाजू बघितली, आणि त्यांचा चेहरा पडला. मी तोवर कधी पाहिला नव्हता असा चेहरा. हात लांब करून त्यांनी गॅस बंद केला आणि दुसऱ्या हाताने मला असं ढकललं की मी दाराबाहेर जाऊन पडले. कोपर सोलवटलं. चिरलेला कांदा माझ्या अंगावर.

तेवढ्यात एक पाहुणा समोरून आत आला. अर्धी चड्डी, हातात फोन. "कॉफी रेडी आहे का?" म्हणत त्याने भांड्याच्या कानाला हात घातला. आबांनी त्या हातावर सणसणीत फटका मारला. "भाईर हो! भाईर हो म्हन्तो ना!" तो पाहुणा ओरडला, बाकीचे धावत आले, त्यांत दोन बायका. आबांनी सगळ्यांना तोंडाला येईल ते बोलत बाहेर काढलं, आतलं दार कडी घालून बंद केलं आणि मागच्या दाराला पाठ लावून बाहेर पायरीवर बसले. वीस मिनिटं कुणाला आत जाऊ दिलं नाही. पाहुणे फोनवर शूटिंग करत होते. माझा नवरा हात जोडत या पाहुण्याकडून त्या पाहुण्याकडे पळत होता.

वीस मिनिटांनी आबा एकटे आत गेले आणि भांडं उघडून घेऊन आले. गाळणीत कॉफी नव्हती, दगड होता. पिठासारखी दळलेली, वरून दाबून दाबून भरलेली; पाहुण्यांना कडक लागते म्हणून माझ्या नवऱ्याने तशी भरली होती. आणि बाजूला, शेफ्टीच्या जागी, बोल्ट. वॉल्व्ह गळायला लागला होता. नवा कुठे मिळेना, म्हणून त्याने तो काढून टाकला आणि नळाला गुंडाळतात ती पांढरी पट्टी गुंडाळून तिथे एक बोल्ट पिळून बसवला. आपल्याकडे गळणारी वस्तू दिसली की हात शिवशिवतात. बॉयलरवाल्याचा पोरगा, पण त्याचेही शिवशिवले.

"दाब चढला की बोल्ट उघडतो का रं?" आबांनी विचारलं.

नवरा म्हणाला, "फुटलं असतं का?"

आणि आबा काय म्हणाले? हो म्हणायचं होतं ना! सगळे ऐकत होते, तो पाहुणा ऐकत होता. एक ‘व्हय’ म्हणाले असते तर तिथल्या तिथे मिटलं असतं. आबा म्हणाले, "ठावं न्हाई."

त्यांना ठाऊक नव्हतं म्हणून ते तसं म्हणाले. एवढंच कारण. या माणसाबरोबर संसार करायचा म्हणजे काय असतं ते ज्यांना कळायचं त्यांना यावरून कळेल.

पाहुणे अर्ध्यातच निघून गेले. रिव्ह्यूमध्ये लिहिलं, केअरटेकरचा वेडा बाप पाहुण्यांना मारतो. त्या फटकेवाल्याने पोलिसात जाईन म्हणून मॅडमना मेसेज केला. घरी आल्यावर मी आबांवर तुटून पडले. रागात माझी भाषा शिरगावची होते. "दोनदा! दोनदा तुमी आमच्या पोटावर पाय दिला. काय झालं व्हतं तितं? कायबी झालं न्हवतं!" हे नवऱ्याचं वाक्य माझ्या तोंडून कधी बाहेर पडेल असं मला वाटलं नव्हतं.

आबा म्हणाले, "तू हुबी व्हतीस तितं. हातभर बी लांब न्हाई."

मी आत निघून गेले. तीन दिवस मी त्यांना ताट वाढून नुसतं पुढे सरकवत राहिले.

चौथ्या दिवशी मॅडमचा फोन आला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. त्या पाहुण्याला पाठवायला एक लेखी कागद हवा. सासऱ्यांच्या डोक्यावर परिणाम झालेला आहे, आपण काय करतो हे त्यांना कळत नाही, घडल्याबद्दल माफी, पुन्हा बंगल्यावर पाऊल टाकणार नाहीत. खाली त्यांची स्वतःची सही. तसं झालं तर नवऱ्याचं काम राहील, नाहीतर महिनाअखेर दुसरा माणूस. "मी तरी किती सांभाळून घेऊ?" त्या म्हणाल्या.

मॅडमना मी बोल्टचं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दोष नवऱ्यावर आला असता.

कागद मीच लिहिला. माझं अक्षर चांगलं आहे. ‘डोक्यावर परिणाम’ लिहिताना पेन अडलं नाही, हेही सांगते. नवरा म्हणाला, "त्यो मरंल पण सही करायचा न्हाई." त्याची आबांना विचारायची हिंमत होत नव्हती, म्हणून मी विचारायचं ठरलं. मी भांडणाच्या तयारीने गेले. काय काय ऐकवायचं ते मनात पाठ केलं होतं. माझं लग्न, माझे वडील, गुलाबांना घातलेलं पाणी, सगळं.

आबा ओट्यापाशी होते. मी कागद पुढे केला. "आबा, ह्याच्यावर सही पाहिजे."

ते ओसरीवर येऊन उजेडाला बसले. चष्मा लावला. प्रत्येक ओळीखाली बोट फिरवत सगळं वाचलं, मनातल्या मनात नाही, ओठ हलवत. ‘कळत नाही’पाशी बोट थांबलं, मग पुढे गेलं. मी छातीवर हात बांधून उभी होते. आता म्हणतील, खोटं हाय, लिव्हणार न्हाई. म्हणू देत, मीही सोडणार नव्हते.

"ह्या कागदानं कुणाला इजा व्हती का?" त्यांनी विचारलं.

मला प्रश्न कळला नाही. "नाही. इजा कसली?"

"पोराचं काम ऱ्हातंय?"

"हो."

"मग आण पेन."

मी पेन दिलं. आबांनी कागद गुडघ्यावर ठेवला, नीट करून, आणि सावकाश, पूर्ण नाव लिहून सही केली. वर्षानुवर्षांच्या सवयीने खाली लिहिलं, ‘बॉयलर अटेंडंट’, आणि त्याखाली सर्टिफिकेटचा नंबर. मग कागद माझ्या हातात देत म्हणाले, "त्याला म्हनावं, त्यो बोल्ट काढ. येवढं आईक म्हनावं."

पाठ केलेलं सगळं माझ्या तोंडातच राहिलं. तुम्ही भांडा ना, असं मला ओरडावंसं वाटलं. तेव्हा कारखान्यासाठी केली नाही, पोरासाठी केली नाही, आणि आता स्वतःला वेडा म्हणवून घ्यायला सही करता? मला त्यांचा इतका राग त्याआधी कधीच आला नव्हता. आज लिहितानाही येतोय, आणि त्यातला त्यांच्या वाट्याचा किती आणि माझ्या वाट्याचा किती, ते मला चांगलं माहीत आहे. ती कॉफी मी दोन आठवडे प्यायले नाही. आबांनी एकदाही विचारलं नाही, का.

कागदाचा फोटो काढून मी मॅडमना पाठवला. पाच मिनिटांत त्यांचा फोन आला. थँक्यू म्हणाल्या, बरं झालं, आता मी त्या गेस्टना समजावते म्हणाल्या. मग हसल्या. "आणि खाली बॉयलर अटेंडंट काय लिहिलंय हो? बघा, मला वाटलंच होतं. अशा माणसाला गॅसपाशी एकटं सोडू नका."

आबा ओसरीवर बसले होते. फोनचा आवाज मोठा होता, त्यांना सगळं ऐकू जात होतं.

"हो मॅडम," मी म्हणाले.